दसऱ्याला हद्द ओलांडून आलेल्या लाल गाडीबाबत

राजारामपुरी पोलीस ठाणे, कोल्हापूर
दि. ०२/१०/२००६

मी, जोतीराम सयाजी पोवार, वय २७ वर्षे, शिक्षण सातवीपर्यंत, धंदा शारजा येथे जुन्या मोटारी तोडण्याच्या यार्डात मेकॅनिक, मूळ राहणार गडमुडशिंगी, तालुका करवीर, जिल्हा कोल्हापूर, सध्या रजेवर गावी.

समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, राजारामपुरीत राहणारे सोमेश विरूपाक्ष तोडकर यांनी आज दुपारी माझ्याविरुद्ध अर्ज दिला आहे. मी त्यांच्या बंगल्यामागच्या शेडमधली लाल मोटार न विचारता नेली आणि तिच्यात त्यांच्या आजारी वडिलांना घालून राज्याबाहेर नेलं, असं त्यात आहे. गुन्हा दाखल झाला तर पासपोर्ट जमा करावा लागेल, हे मला समजावून सांगण्यात आलं. माझं परतीचं विमान रविवारी आहे. वेळेत हजर झालो नाही तर तिथला मालक दुसरा माणूस घेतो, आणि आजवर मी टिकून राहिलेली ही एकच नोकरी आहे.

गाडी नेली हे खरं आहे. वडिलांना नेलं हेही खरं. कर्नाटकात गेलतो, तेही खरं. चोरी केली हे खोटं आहे. गाडीची कागदपत्रं त्यांच्या वडिलांच्याच नावावर आहेत. मालक गाडीतच बसलेला असताना चोरी कशाची झाली, असं मी जबाब लिहून घेणाऱ्या हवालदार साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "मालकच चोरलाय असं अर्जात हाय."

सोमेशचे वडील विरूपाक्ष तोडकर, त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. त्यांच्या पत्नी नीलम्मा, त्यांना अव्वा म्हणतो. अण्णांची शिरोलीला फौंड्री आहे. शाळा कधीच सुटली होती, सतराव्या वर्षी मी तिथं साच्याची वाळू चाळायला लागलो. ते साल १९९६ होतं, आणि त्याच साली ही गाडी कोल्हापुरात आली.

गाडी टोयोटा कंपनीची सेलिका आहे, मॉडेल जीटी-फोर, १९९२ ची, दोन दारांची. अव्वांचे भाऊ नैरोबीला डॉक्टर होते. ते कायमचे परत आले तेव्हा बोटीतून घेऊन आले आणि अण्णांना दिली. हवालदार साहेबांनी साध्या गाडीत आणि हिच्यात फरक काय ते विचारलं म्हणून सांगतो. साध्या गाडीची दोन चाकं ओढतात, हिची चारही ओढतात. आणि हिला टर्बो आहे. म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुरावर एक पंखा फिरतो आणि तो इंजिनात जादा हवा कोंबतो. तो लागला की माणसाची पाठ सीटला चिकटते.

गाडी पहिल्यांदा फौंड्रीच्या दारात आली तेव्हा भट्टी सोडून सगळे बाहेर आले होते. हिचे दिवे बॉनेटच्या आत झाकलेले असतात, बटण दाबलं की वर येतात. अण्णांनी बटण दाबलं. आमच्यात चिमणाबाई म्हणून वाळू चाळणारी बाई होती, ती म्हणाली, "आत्ता जागी झाली बघा बाई." तेव्हापासून फौंड्रीत गाडीला सगळे बाईच म्हणायचे. बाई आली, बाई गेली. नव्या माणसाचा घोटाळा व्हायचा. अण्णा गडमुडशिंगीला आमच्या घरी एकदा आले होते, तर गावातली पोरं तिच्यापुढं उभी राहून "डोळं उघाड, डोळं उघाड" म्हणत होती. अण्णा तासभर बटण दाबत बसले. चहा तिथंच गाडीत दिला.

एका गळिताच्या हंगामात बिद्रीच्या साखर कारखान्यात पंपाचं कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, तातडीनं द्यायचं होतं. अवेळी पाऊस झालेला, रस्त्यात सगळा चिखल. आमचा टेम्पो तिथंच रुतला. अण्णांनी कास्टिंग पोत्यात गुंडाळून गाडीत मागं ठेवलं, मला म्हणाले, "धरून बस त्याला, पोरगीगत." ट्रॅक्टर रुतला होता त्याच्या शेजारनं आम्ही वर चढलो. ट्रॅक्टरवाला ओरडला, "पावणं, ही गाडी हाय का रेडा?" अण्णांनी काच खाली करून सांगितलं, "बाई हाय." कारखान्यावर पोचलो तेव्हा माझ्या दोन्ही हातांना पोत्याचे वळ उठले होते. आज ही हकिगत सांगण्याचं कारण नाही. पण गाडी माझ्या ओळखीची होती का, असं विचारलं म्हणून सांगितलं.

मी एका जागी ठरत नव्हतो हे खरं आहे. फौंड्री सोडून इचलकरंजीला मागावर गेलो, पुण्याला गॅरेजात गेलो, बेळगावला गेलो. प्रत्येक वेळी परत आलो. अण्णा फक्त म्हणायचे, "आलास व्हय? जा, वाळू चाळ." कुठं गेलतास म्हणून कधी विचारलं नाही. सन २००१ मध्ये मी शारजाला गेलो. तिथं जपानी गाड्या येतात, त्या कापून पार्ट वेगळे करायचे, हे माझं काम.

सन २००३ मध्ये अण्णांना झटका आला. त्या वेळी ते हीच गाडी चालवत होते. त्यांनी ती कडेला घेतली आणि मग त्यांचा हात पडला. उजवं अंग कमजोर झालं, वाचा गेली. मी तेव्हा इथं नव्हतो, फोनवर समजलं. सोमेशनी पुण्याची नोकरी सोडून फौंड्री हातात घेतली. गाडीवर ताडपत्री घातली. तिच्यामुळंच वडील पडले असं त्यांच्या मनात आहे. मला ते तसं वाटत नाही, पण तो त्यांचा घरचा विषय आहे.

यंदा ऑगस्टमध्ये सोमेशनीच मला शारजाला फोन केला. शेडच्या जागेत फौंड्रीचा माल ठेवायचा आहे, गाडीला पुण्याचं गिऱ्हाईक आलं आहे, पण चालू असेल तरच घेतो म्हणतंय, तू रजेला येताना पार्ट आण आणि चालू करून दे, असं ते म्हणाले. मी विचारलं, गिऱ्हाईक काय करणार तिचं. ते म्हणाले, इंजिन आणि गिअरबॉक्स काढून शर्यतीच्या गाडीत घालणार. मी बाकीचं काही विचारलं नाही. उरलेल्या गाडीचं काय होतं ते मला माहीत आहे.

मी टर्बोच्या नळ्या, पेट्रोलचा पंप आणि पट्टा कपड्यांत गुंडाळून आणला. आमच्या यार्डात अशीच एक पांढरी गाडी आली होती, हे पार्ट तिचेच आहेत. ती मीच कापली होती.

मी आल्यापासून रोज शेडमध्ये काम केलं. संध्याकाळी अव्वा अण्णांना दारात खुर्चीवर आणून बसवायच्या. ते गाडीकडं बघायचे. मला ओळखत होते की नाही सांगता येत नाही. मी त्यांच्याशी बोलायचो, हे काढलं, ते बसवलं, हा बोल्ट गंजलाय. शनिवारी इंजिन चालू झालं. सगळ्यांनी ऐकलं, शेजारच्या कोचिंग क्लासची पोरंही गच्चीवर आली. अण्णांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर हलला. एवढंच. काल खंडेनवमीला गाडीची पूजा झाली, हार घातला, चाकाखाली लिंबं ठेवली. नारळ सोमेशनीच फोडला. गुरुवारी गिऱ्हाईक गाडी न्यायला येणार होतं.

आता आजची हकिगत. दसऱ्याला सीमोल्लंघन म्हणून लोक गावाची वेस ओलांडतात. अण्णांची वेस मोठी होती. ते दरवर्षी ही गाडी घेऊन दूधगंगेचा पूल ओलांडून कोगनोळीच्या पुढं जायचे. तिथं त्यांच्या मामाचं रान आहे. रानात शमीचं झाड आहे, तिकडं त्याला बन्नी म्हणतात. त्याची पानं घेऊन परत यायचे आणि मग घरात सोनं वाटायचं. गाडी आल्यापासून झटका येईपर्यंत हा नेम चुकला नव्हता. मी त्या फेरीला कधी गेलो नव्हतो. ती घरच्या माणसांची फेरी होती. मी गाडी धुऊन द्यायचो आणि गेटवर थांबायचो.

आज सकाळी दहाच्या सुमारास सोमेश फौंड्रीत पूजेला गेले. त्यानंतर गाडीची चावी माझ्या हातात आली. चावी कुणी दिली, या प्रश्नाचं उत्तर मला द्यायचं नाही. हवालदार साहेबांनी समजावलं की नाव सांगितलंस तर आत्ता सुटशील, न्हायतर चोरीचं कलम बसतंय. मला समजलं आहे. ज्यांनी दिली त्यांना त्याच घरात राहायचं आहे, मला राहायचं नाही. म्हणून सांगत नाही.

अण्णांना मी बळजबरीनं बसवलेलं नाही. गाडी खूप खाली असते, धडधाकट माणसालाही कंबर मोडून बसावं लागतं. मी त्यांना उचलायला वाकलो तर त्यांनी मला ढकललं. डाव्या हातानं दाराची वरची कड धरली, पाठ वळवली आणि आत घसरले. पाय मी उचलून ठेवला, तेवढीच माझी मदत.

गोकुळ शिरगाववरून कागलला गेलो. पूर्वी हा रस्ता दोन पदरी होता, दोन्ही बाजूला वडाची मोठी झाडं होती, दुपारीही दिवे लावावेसे वाटायचे. आता चौपदरी झाला, झाडं गेली. अण्णा सारखे काचेतून बाहेर बघत होते. त्यांना रस्ता ओळखू येईना. मी सांगितलं, "अण्णा, झाडं तोडली, पर रस्ता त्योच हाय." वेग किती होता, असं विचारलं. मर्यादेत होता. कागलच्या अलीकडं एकदा रस्ता मोकळा मिळाला, तेव्हा टर्बो लागेपर्यंत गाडी दाबली. ते माझ्या जबाबदारीवर.

मामाच्या रानात आता मामाच्याच नातवाची बायको दानेश्वरी असते. तिनं लांबनं गाडी ओळखली आणि पदर सावरत पळत आली. अण्णांना ओळखायला तिला वेळ लागला. मग तिनं झाडाला नमस्कार करून पानं तोडली, अण्णांच्या डाव्या हातात दिली आणि तिकडं म्हणतात तसं म्हणाली, "बन्नी तगोंड बंगारदंग इरोणु." पानं घेऊन सोन्यासारखं राहू, असा त्याचा अर्थ आहे. मलाही दिली.

तिथं गाडीत आणखी एक गोष्ट घडली. ती मी आत्ता सांगत नाही. ती आधी अव्वांना सांगायची आहे. तिचा गुन्ह्याशी संबंध नाही.

परत येताना दुपारी कागलच्या नाक्यावर पोलिसांनी गाडी अडवली. गाडी बंद कर म्हणाले. टर्बोची गाडी जोरात आल्यावर एकदम बंद करायची नसते, जरा वेळ नुसती चालू ठेवून थंड होऊ द्यायची असते. मी म्हणालो, "साहेब, दोन मिनिटं. तिला दम खाऊ द्या." पोलीस म्हणाले, "तिला? कोन बाई हाय आत?" आणि मागच्या सीटवर वाकून बघितलं. मी पळून जाणार असं समजून त्यांनी हात घालून चावी काढून घेतली. याबद्दल माझी तक्रार नाही, सगळेच तसं करतात. पोलिसांनी मागवलेल्या जीपमधून अण्णांना घरी सोडलं. एक पोलीस शेजारी बसवून गाडी मी ठाण्यात आणली. अण्णांच्या अंगाला काही झालेलं नाही. डॉक्टरांनी तपासलं, रक्तदाब ठीक आहे असं सांगितलं.

जबाब इथवर लिहून झाला तेव्हा सोमेश समोरच्या बाकावर बसले होते. ते मला म्हणाले, "वाटेत काय झालं असतं तर? कुणाला हाक मारली असतीस? एकदा त्याच गाडीत पडल्यात त्ये. मी गेलतो दवाखान्यात, तू न्हवतास." ते खरं होतं.

त्याच वेळी अव्वा रिक्षानं ठाण्यात आल्या. अण्णांजवळ शेजारच्या अस्मिता वहिनींना बसवून आलेय म्हणाल्या. हवालदार साहेबांनी खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत. म्हणाल्या, "चावी मी दिली. तांदळाच्या डब्यात होती, तिथनं काढून दिली. लिवा तसं."

हवालदार साहेब माझ्याकडं बघून म्हणाले, "आणि तू गप बसलायस व्हय रं मगापासनं."

सोमेश म्हणाले, "अव्वा, मला विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर न्हाय म्हणाला असतास. म्हणून न्हाय विचारलं."

"डॉक्टरांनी बसवू नका म्हणून सांगितलंय त्यास्नी गाडीत."

"डॉक्टरनं तीन वर्षं बसवलंय खुर्चीत. व्हायचं ते खुर्चीतबी होतंय, सोमू. गुरुवारी गाडी जाणार. एकदा जाऊन येऊ देत म्हटलं." मग त्या माझ्याकडं वळल्या. मला त्या तम्मा म्हणतात, म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. म्हणाल्या, "तम्मा, तिथं काय झालं? घरी आल्यापासनं ह्ये दाराकडं बघत बसल्यात. कुणाची तरी वाट बघितल्यागत."

चावीबाबत अव्वांनी स्वतःच सांगितल्यामुळं ती त्यांनीच दिली हे मी आता मान्य करतो. आणि मगाशी न सांगितलेली गोष्ट अव्वांसमोर सांगतो, ती अशी.

पानं हातात घेतल्यावर अण्णा मान वळवून मागं बघायला लागले. मान त्यांना पुरती वळत नाही. मला वाटलं सीटचा पट्टा रुततोय, म्हणून मी तो सैल केला. तेव्हा ते बोलले. "सोमू एल्ली?" म्हणाले. त्यांच्या घरच्या कानडीत, सोमू कुठाय. दोनदा म्हणाले. पहिल्यांदा आवाज अडकत आला, दुसऱ्यांदा स्वच्छ. मी म्हणालो, "फौंड्रीत पूजेला गेलाय, येतोय." त्यावर त्यांनी पानं घट्ट धरली, मला दिली नाहीत. दानेश्वरीनंही ऐकलं, तिला विचारता येईल.

हे सांगितल्यावर अव्वा खुर्चीवर बसल्या. हवालदार साहेबांनी मागं बघून का म्हणाले, असं विचारलं. ते मला माहीत नव्हतं, अव्वांनी सांगितलं. दसऱ्याच्या फेरीला पुढं त्या आणि अण्णा असायचे, आणि मागं सोमेश. मागं जागा नावालाच आहे, गुडघे हनुवटीला आणि डोकं काचेला लागायचं. सोमेश जाताना-येताना कुरकुरायचे, पण मागं राहिले नाहीत एकाही वर्षी. झाडाजवळ पोचलं की पहिली पानं अण्णा मान वळवून मागं द्यायचे. म्हणायचे, "घे, तुझी हाडं मोडली, तुझं सोनं पहिलं."

सोमेश बाकावरून पुढं सरकले. मग मला म्हणाले, "खरं सांग. म्होरं बघून म्हणाले का मागं?"

"मागं."

"सीटकडंच?"

"व्हय. त्या बाजूच्या. तुम्ही बसायचा त्या बाजूच्या असंल."

"डावीकडच्या?"

"व्हय."

ते उठून आवारात गेले. खिडकीतून दिसत होतं, ते गाडीजवळ उभे होते, गाडीला हात लावला नाही. हवालदार साहेब पेन धरून थांबले. अव्वा म्हणाल्या, "थांबा, येतोय त्यो." थोड्या वेळानं ते आत आले आणि अर्ज मागायला लागले. हवालदार साहेब म्हणाले, "तसा देता येत न्हाय. माघार घेतोय म्हणून लिहून द्यावं लागतंय."

"मग कागद द्या."

त्यांनी लिहून दिलं आहे. गाडी कुणाच्या ताब्यात द्यायची असं विचारल्यावर म्हणाले, "माझ्या द्या. पर मला चालवायला येत न्हाय ही." हवालदार साहेबांना ते खोटं वाटलं. सोमेश म्हणाले, "अण्णांनी स्टेअरिंग कधी दिलंच न्हाय. मागं बस म्हणायचे." मग मला म्हणाले, "रविवारी जाणार न्हवं तू? तवर शिकव."

हवालदार साहेबांनी विचारलं, "आणि पुण्याचं गिऱ्हाईक?"

"विकीन, न्हायतर ठेवीन. आधी अण्णांस्नी फिरवून आणू दे की एकदा. मला विचारल्यात त्येंनी."

अव्वा रिक्षानंच परत गेल्या. सोमेशनी गाडीत बस म्हटलं तर म्हणाल्या, "तू शिकलास की बसते."

माझी सोमेश तोडकर यांच्याविरुद्ध कोणतीही तक्रार नाही. गाडीवर माझा कोणताही हक्क नाही. तिच्यात बसवलेले पार्ट मी परत मागणार नाही. गाडी आज ठाण्याच्या आवारातून बाहेर काढताना सोमेश चालवणार आहेत आणि मी शेजारी बसणार आहे. हिचा क्लच जड आहे. गेटमध्ये ती दोन-तीनदा बंद पडली, आचके देत गेली, किंवा राजारामपुरीच्या रस्त्यात आडवी थांबून वाहतूक अडली, तर ती बिघडलेली नाही असं समजावं आणि बंदोबस्तावरच्या पोलिसांना तसं कळवावं, ही विनंती.

वर लिहिलेलं सगळं हवालदार साहेबांनी मला आणि सोमेश तोडकर यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. मी सांगितलं तेच उतरलं आहे, दुरुस्ती काही नाही. "सोमू एल्ली" एवढं सोमेशनी दुसऱ्यांदा वाचायला लावलं, ते वाचलं. बरोबर आहे म्हणून सही करतो.

सही
जोतीराम सयाजी पोवार

माझ्यासमक्ष
ठाणे अंमलदार